उस्तादाचा शेवटचा हात

१

नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, लटारू मिस्त्रीने चावी फिरवली, आणि इंदुताईंच्या नाटक मंडळीची जीप चालू झाली ती टिकटिक करतच.

वडशाच्या चौकात दहा-पंधरा माणसं जमली होती. नाटकांचा हंगाम तोंडावर आलेला, गावोगावचे प्रयोग ठरलेले आणि कलाकारांना नेणारी ही एकच गाडी. महिनाभर तिचं इंजिन सुटं होऊन लटारूच्या गॅरेजात पडलं होतं. आता ते नव्याने बांधून झालं होतं. लटारूने बांधलेल्या इंजिनाचा आवाज शेजारच्या घरात जात नाही असं लोक म्हणत, आणि लोक म्हणायचे राहिले तर तो स्वतः म्हणे.

"मिस्त्री, इंजिन बांधलं का घड्याळ?" पानठेल्यावरून कोणीतरी विचारलं. चौक हसला.

लटारूचं वय एकसष्ट. तेहतीस वर्षांच्या धंद्यात चौक कधी त्याच्यावर हसला नव्हता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि नेमका त्याच वेळी एटापल्लीकडून आलेल्या एस.टी.तून इसरू उतरला. इसरू हा त्याच्या गॅरेजातला बारा वर्षांपासूनचा मेकॅनिक, चाळिशीचा अबोल माडिया माणूस. गावी नव्या धानाचा पंडुम होता. नवं पीक आधी देवाला, मग घरच्यांच्या पोटात, असा तो सण. तो करून चार दिवसांनी परतत होता. हातात नव्या तांदळाचं गाठोडं, दरवर्षीसारखं उस्तादासाठी.

"हे पाहा, आले साहेब!" लटारू ओरडला. "नागपूरवरून नवे रॉकर आणले होते मी. यानं जुनेच बसवले अन् नवे इकून खाल्ले. म्हणून वाजून राह्यली गाडी!"

इसरू होता तिथेच थांबला. त्याने इंजिनाकडे कान केला, थोडा वेळ ऐकलं आणि मग उस्तादाकडे पाहिलं. आता हा बोलणार असं सगळ्यांना वाटलं. पण त्याने जमलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली आणि तोंड मिटलं. गॅरेजची चावी आणि गाठोडं बाकावर ठेवून तो आल्या वाटेने एस.टी. स्टँडकडे चालू लागला.

"चोर नसता तं भांडला असता," लटारू म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या.

२

त्याच दुपारी लटारूने इंजिनाचं वरचं झाकण उघडलं. पुरावा काढून चौकाला दाखवायची त्याला घाई होती. पाना शोधायला त्याने खण ओढला. खणात एक फिलर गेज होतं, म्हणजे जाडी मोजायच्या पोलादी पात्यांचा जुडगा. निळ्या काठाच्या चिंधीत गुंडाळून नीट ठेवलेलं. ते बाजूला सारून त्याने पाना घेतला. इसरूची बायको सोमारी जुनी लुगडी फाडून चिंध्या पाठवत असे, त्यामुळे गॅरेजभर निळे काठ पडलेले असत.

आठही रॉकर, म्हणजे इंजिनाच्या झडपा दाबणारे लोखंडी दांडे, त्याने काढून रॉकेलमध्ये धुतले, उन्हात धरले, त्यांच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

आठही नवे होते. एकावरसुद्धा घासल्याची खूण नव्हती.

आता सरळ माणूस काय करेल? चौकात जाईल आणि सांगेल, बाबांनो, माझं चुकलं. लटारूही काही वाईट माणूस नव्हता. पण तेहतीस वर्षांचं नाव म्हणजे अंगावरचा कडक इस्तरीचा सदरा. वाकायला भीती वाटते. त्याने रॉकर परत बसवले, टॅपेट, म्हणजे रॉकरखालच्या फटी, पुन्हा स्वतःच्या हाताने सेट केले आणि गाडी चालू केली. टिकटिक, टिकटिक. रॉकर नाही तर दुसरं काहीतरी इसरूनंच बिघडवलं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

रुखमाबाईने, त्याच्या बायकोने, जेवताना विचारलं, "सापडले का जुने रॉकर?"

"पाहून राह्यलो," तो ताटाकडे बघत म्हणाला.

तिने इसरूचं गाठोडं उघडलंही नव्हतं. चुलीजवळ जसंच्या तसं होतं.

तिसऱ्या दिवशी अल्लापल्लीहून फोन आला. अंकुश नावाचा गॅरेजवाला बोलत होता. "मिस्त्री, इसरू नावाचा माणूस काम मागून राह्यला. तुमच्याकडं बारा वर्षं होता म्हणते. ठेवू का?"

आठ नवे रॉकर लटारूच्या डोळ्यांसमोर होते. तरी तो म्हणाला, "तुमचं तुमी पाहून घ्या भाऊ. मी तं नाई ठेवला त्याले."

"समजलो," अंकुश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. लटारू खोटं एक अक्षर बोलला नव्हता, आणि एका माणसाची भाकर मात्र हिरावून बसला होता. आपलीच आपल्याला किळस यावी असं त्याला पहिल्यांदा वाटलं. त्याच किळसेपोटी त्याने ठरवलं, या टिकटिकीचा खरा चोर शोधून काढायचा. मग तो कोणीही असो.

३

इंजिनाला हात लागलेली माणसं मोजून चार. इसरू, जीपचा ड्रायव्हर पियुष, मूलहून आलेला लेथवाला रोशन आणि लटारू स्वतः. स्वतःला त्याने धरलंच नाही.

पियुषला त्याने बाकावर बसवलं. हा पंचविशीतला पोरगा, केसाला तेल आणि गाडीला हार यांत कधी कमी न करणारा.

"मी नसताना बॉनेट उघडलं होतं का तू?"

पियुष घुटमळला. "उघडलं होतं मिस्त्री. पण खराब काई नाई केलं. नजर लागू नाई म्हणून बिब्बा बांधला, बस."

लटारूने बॉनेट वर केलं. खरंच, लिंबू-मिरची आणि बिब्बा तारेत ओवून पंख्याजवळ लटकवलेले, आणि तारेचं टोक पंख्याच्या पात्याला चाटत होतं. लटारूचा जीव भांड्यात पडला. एवढंच! त्याने तार ओढून काढली. "चालू कर."

एक बारीक खरखर थांबली. टिकटिक तशीच राहिली.

रोशन दुसऱ्या दिवशी मूलहून आला. इंजिनाच्या हेडचं काम त्याने केलं होतं, म्हणून तो जरा ताठूनच बोलत होता. पण माणूस कामाचा. त्याने डिझेलच्या चारही नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले. इंजिन लंगडलं, पण टिकटिक बदलली नाही. "खालचा आवाज नाई हा. पिस्टनचा असता तं बदलला असता," तो म्हणाला. मग त्याने धुराच्या जोडावर ओला फडका दाबून धरला. टिकटिक तशीच, जोडावर काजळीही नाही. शेवटी लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून तो जागोजागी ऐकत गेला. वरच्या झाकणाशी येऊन थांबला.

"वरचा हाय. पहिल्या वालपासून आठव्यापर्यंत सारखाच. टॅपेट पाहा मिस्त्री."

टिकटिक म्हटली की शाळकरी मेकॅनिकही आधी टॅपेटच म्हणेल. रॉकर वालला, म्हणजे झडपेला, दाबतो. दोघांच्या मध्ये जाड कागदाएवढी फट ठेवायची असते. फट वाढली की रॉकर वालवर आपटतो आणि वाजतो. पण लटारूच्या गॅरेजात एक रिवाज होता. इंजिन कोणीही बांधो, टॅपेटचा शेवटचा हात उस्तादाचा. तेव्हा तो फाटक अर्धं ओढून घेई. काम झालं की इसरू बाहेरून म्हणे, "उस्ताद, तुमी चाय पिऊन या. मी हत्यारं पुसतो." उस्ताद चहा पिऊन येईपर्यंत कोणी चावीला हात लावत नसे. मग उस्ताद येऊन गाडी चालू करी, डोळे मिटून ऐके आणि हसे.

"टॅपेट मी सोता सेट केले," लटारू म्हणाला. "दोनदा."

रोशनने पेचकस खाली ठेवला. "मंग मले बलावलं कायले?"

४

इंदुताई स्वतःच आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, ठसठशीत आवाजाच्या. तीस वर्षं नाटक मंडळी चालवलेली बाई. परवा पहिला प्रयोग होता.

"लटारूभाऊ, गाडी जाईन का नाई ते सांगा. टिकटिक घेऊन गेलो तं लोकं नाटक कमी अन् गाडीच जास्त ऐकतीन."

"जाईन तं खरी. पण अशी चालवली तं वाल खराब होतीन," लटारूने कबूल केलं. "चोर सापडून नाई राह्यला, ताई. कोणता तरी एक पार्ट..."

"एक?" इंदुताई जीपला टेकून उभ्या होत्या. इंजिन चालू होतं. त्यांनी बोटाने बॉनेटवर ताल धरला आणि मान हलवली. "एकच कुठी वाजून राह्यला? सगळेच वाजून राह्यले, अन् सारखे वाजून राह्यले. आमच्यात असं हाय भाऊ, आठ पोरी नाचून राह्यल्या अन् एक चुकली, तं त्या पोरीले विचारायचं. आठही एकाच जाग्यावर सारख्या चुकल्या, तं पोरीईले काय विचारता? शिकवणाऱ्याले विचाराचं."

त्या बोलून गेल्या आणि पर्स उघडून त्यांनी वेगळाच विषय काढला. "तुमाले पास भेटला न यंदाचा? यंदा तिकीट भारी छापलं. जाड कागद, चकचकीत."

लटारूचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. खिशात ते तिकीट होतं. तेलाने काळं झालेलं, मधोमध दुमडलेलं.

"भेटला," तो कसाबसा म्हणाला.

५

इथे लटारूचं एक गुपित सांगायला हवं. ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपासून त्याला जवळचं दिसत नव्हतं. फिलर गेजच्या पात्यांवर कोरलेले बारीक आकडे त्याला मुंग्यांसारखे दिसत. चष्मा लावायची त्याला लाज वाटे. मिस्त्रीने चष्मा लावला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, अशी त्याची पक्की समजूत होती. म्हणून त्याने युक्ती काढली. नाटकाचं तिकीट दुमडून रॉकरखाली सरकवायचं, ते जरा अडत सरकलं की फट बरोबर. पहिल्याच गाडीला ही युक्ती लावली तेव्हा ती गाडी सुरेख चालली, एक टिक नाही. तेव्हापासून तिकीटच त्याचं गेज. दर हंगामाला इंदुताई पास देत आणि दर हंगामाला गेज नवं होई. त्या तिकिटावर आजवर त्याने पंचवीस-तीस गाड्यांचे टॅपेट सेट केले होते.

आणि यंदा तिकिटाचा कागद जाड!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. लटारू घरी आला. ओसरीवर रुखमाबाई तूर निवडत बसली होती, नाकावर चष्मा.

"चष्मा दे तुया."

"कायले?"

तो ओसरीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "मले आकडे दिसत नाई." एवढं म्हणायला त्याला तीन वर्षं लागली होती.

तिने चष्मा काढून दिला आणि त्याच्या मागोमाग गॅरेजात आली. लटारूने खण उघडून निळ्या काठाची चिंधी सोडली. चष्म्यातून आकडे लख्ख दिसले. या इंजिनाला पंचवीसचं, म्हणजे पाव मिलिमीटरचं, पातं लागतं. जीपच्या रॉकरखाली पंचवीसचं ढिलं हललं. तीसचंही हललं. पंचेचाळीसचं अडकलं. यंदाचं तिकीट दुमडून धरलं, बरोबर पंचेचाळीस.

"तिकिटानं घात केला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा आनंदही होता. कागदाची चूक निघाली म्हणजे माणूस जरा सुटतो.

"मांगच्या सालचं तिकीट हाय न?" रुखमाबाई म्हणाली. "तेई मोजा."

भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीमागे जुनी तिकिटं खोचलेली होती. लटारूने मागच्या वर्षीचं काढून दुमडलं. चाळीस. त्याच्या आधीचंही चाळीसच.

तो खाली बसला. जुनी तिकिटंही चूक होती. म्हणजे तीन वर्षं त्याने प्रत्येक गाडीचे टॅपेट चुकीचे सेट केले होते. प्रत्येक गाडी वाजायला हवी होती. मग एकही का वाजली नव्हती? आणि नेमकी हीच का वाजली?

हीच गाडी इसरू गावी असताना पूर्ण झाली होती.

लटारूने हातातलं गेज पाहिलं. तीन वर्षांत त्याने त्याला हात लावला नव्हता. गंज चढायला हवा होता, धूळ बसायला हवी होती. पण पात्यांना ताजं तेल होतं, आणि सगळ्या पात्यांत पंचवीसचं पातं घासून चांदीसारखं झालं होतं. खाली सोमारीच्या लुगड्याची चिंधी पडली होती.

*उस्ताद, तुमी चाय पिऊन या. मी हत्यारं पुसतो.*

लटारू ज्याला मान समजत होता, ते हे होतं. तो टपरीवर मिशीवर ताव देत चहा पीत असताना हा माणूस आठही रॉकरची फट गेजने मोजून पुन्हा पंचवीसवर आणत होता. एकदा नाही, तीन वर्षं. आणि ज्या दिवशी तो नव्हता, त्या एकाच दिवशी उस्तादाचा खरा हात चौकाने ऐकला. इसरूनेही एस.टी.तून उतरताच ऐकला होता. ऐकल्याबरोबर त्याला सगळं समजलं होतं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

लटारूने चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"ते तांदूळ," रुखमाबाई हळूच म्हणाली, "मी कोणत्या तोंडानं शिजवू, मले समजतच नव्हतं. पैले चौकात जाऊन बोला. मंग शिजवीन."

६

सकाळी त्याने जीप ढकलत चौकात आणवली, त्याच जागी. पानठेलाही तोच, माणसंही तीच. बायकोचा चष्मा नाकावर चढवून त्याने बॉनेट उघडलं. कोणीतरी खुदकन हसलं. लटारू वाकून पंचवीसच्या पात्याने एकेक रॉकर सेट करत राहिला. आठ झाले. चहाला तो गेला नाही.

पियुषने चावी फिरवली. इंजिन चालू झालं आणि त्याच्यावर बसलेली माशी उडाली, तेवढीच काय ती हालचाल. टिकटिक नव्हती.

"वा मिस्त्री! काय होतं मंग?" पियुषने विचारलं.

खोटं बोलायला अजूनही जागा होती. कागद, हवा, डिझेल, काहीही सांगता आलं असतं.

"माया हात होता," लटारू म्हणाला. कोणाला ऐकू गेलं नाही म्हणून तो मोठ्याने म्हणाला, "मले दिसत नाई. तीन साल झाले. अंदाजानं टॅपेट सेट करत होतो, अन् माया मागून इसरू नीट करत होता. तो नव्हता म्हणून गाडी वाजली. त्यानं काई इकलं नाई. त्याले मी चोर म्हटलं, तुमच्या सगळ्याईसमोर. खोटं म्हटलं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पानठेलावाला उगाच पानं पुसत राहिला. तिथूनच लटारूने अल्लापल्लीला फोन लावला आणि हेच सगळं अंकुशला पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगतानाही ते सोपं झालं नाही.

दुपारी रुखमाबाईने नवे तांदूळ शिजवले. वास घरभर पसरला, आणि लटारूने दुसऱ्या दिवशी पहाटेची एटापल्लीची एस.टी. धरायचं ठरवलं.

७

इसरूचं गाव एटापल्लीच्या पुढे. एस.टी.तून उतरून कोस-दीड कोस चालावं लागतं. अंगणात इसरू कोणाचा तरी पाण्याचा पंप उघडून बसला होता. उस्तादाला पाहून तो उठला. सोमारीने बाज टाकली आणि चूल पेटवायला आत गेली.

लटारू बसला नाही. "मले समजलं सगळं. चौकात सांगितलं, अल्लापल्लीलेई सांगितलं. चूक झाली माझी, इसरू. लई मोठी झाली."

इसरूने मान खाली घातली, जणू चूक त्याचीच होती.

"तू बोलला काऊन नाई त्या दिवशी? एक वाक्य बोलला असता."

"काय बोलू?" इसरू म्हणाला. "उस्तादाले दिसत नाई म्हणू? पूर्ण चौक होता न तिथी."

"मंग मले एकट्याले सांगाचं. तीन साल होते तुयापाशी."

इसरूने पंपाचा एक नट उचलून हातात घेतला. "दर खेपेले सांगीन म्हणत होतो. मंग तुमी चाय पिऊन येत, गाडी चालू करत, डोळे मिटून ऐकत. लई खुशीत ऐकत होते तुमी. राहून जाये."

चौकातलं हसू लटारूने सोसलं होतं, स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुलीही सोसली होती. हे मात्र त्याला सोसवेना. तो बाजेच्या काठावर टेकला. शेवटी म्हणाला, "परत येतं का दुकानात?"

"काल अंकुशभाऊचा फोन आला. सोमवारपासून अल्लापल्लीले जाऊन राह्यलो," इसरू म्हणाला. "घराजवळ पडते. पोरं इथीच हाय."

"चांगलं हाय. बरोबर हाय," लटारू म्हणाला. दुसरं काही म्हणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे त्याला कळत होतं.

सोमारीने कोऱ्या चहाचे दोन गिलास आणून ठेवले. इसरूने सवयीने हात झटकले आणि सवयीनेच म्हणाला, "उस्ताद, तुमी चाय घ्या. मी तवर हत्यारं पुसतो."

म्हटल्यावर तोच थबकला.

लटारूने गिलास उचलून इसरूच्या हातात दिला. "आज तू पे."

त्याने खिशातून रुखमाबाईचा चष्मा काढून डोळ्यांवर लावला, जमिनीवर बसकण मारली आणि निळ्या काठाची चिंधी घेऊन इसरूची हत्यारं एकेक करून पुसायला लागला. मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही. इसरू थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला, मग बाजेवर बसून त्याने चहाचा घोट घेतला.